अनुक्रमणिकेबाहेरचं पान

ऑफिसात तिला सगळे पुस्तकवाली म्हणत, आणि पुस्तक म्हणाल तर तिच्या टेबलावर एकही नव्हतं! कमी ऐकू येणाऱ्यांच्या कानातलं यंत्र ज्या सॉफ्टवेअरने जुळवतात, त्याची माहितीपुस्तिका ती तयार करी. पद्धत मोठी मजेची, बरं का. प्रत्येक पान म्हणजे एक साधी फाइल. शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ, ठळक शब्दाच्या दोन्ही अंगांना चांदण्या. एका फाइलीत नुसती अनुक्रमणिका. मग एक आज्ञा दिली की कॉम्प्युटर सगळं गोळा करून दोन मिनिटांत देखणं पुस्तक पुढ्यात ठेवी. जाता जाता पडद्यावर चुका दाखवणाऱ्या पिवळ्या ओळीही सोडी. त्या होत्या दोनशेच्या वर. पण पुस्तक निघतंय ना, मग त्यांच्याकडे कोण बघतंय?

नवे साहेब आले आणि म्हणाले, "एक जरी पिवळी ओळ दिसली, तर पुस्तक बाहेर जाणार नाही."

पुस्तकवालीने कंबर कसली. आठवडाभर एकेक ओळ निपटली. शेवटची उरली: हे पान कोणत्याही अनुक्रमणिकेत नाही.

फाइल उघडली मात्र, तिच्या पायाखालची वाळूच सरकली. ते पान मशीनकाकांचं होतं. काकांनी तीस वर्षं लोकांच्या कानांत यंत्रं बसवली. निवृत्त होताना तिच्या शेजारी स्टुलावर बसून त्यांनी ते सांगितलं, तिने टाइप केलं, आणि फाइलीचं नाव अनुक्रमणिकेत घालायलाच विसरली! दर वर्षी काकांचा फोन येई, "काय गं, वाचतं का कोणी माझं पान?" ही न बघताच म्हणे, "वाचतात की!" अशी सहा वर्षं.

साहेब डोकावले. "काढून टाका. सहा वर्षांत कोणी मागितलं नाही."

"मागतील कसं, साहेब? आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा वाचा तरी."

साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं. "पहिल्या प्रकरणात घाला," एवढंच म्हणाले.

तिने एक ओळ वाढवली, आज्ञा दिली. पिवळं काही उमटलं नाही. मग तिने फोन उचलला.

"काका, एक कबूल करायचंय. तुमचं पान पुस्तकात नव्हतंच. आज गेलं."

"म्हणजे सहा वर्षं थापा?"

"हो काका."

"आणि मी गल्लीभर सांगत फिरलो, माझं पान लांब लांब वाचतात म्हणून!" काका खो खो हसले. मग आवाज बारीक झाला. "वाच बरं. काय सांगितलं होतं, तेच आठवत नाही."

ती वाचू लागली, "यंत्र सुरू झाल्यावर 'ऐकू येतंय का?' असं ओरडून विचारू नका. घरच्या माणसाला जवळ बसवा. घरात ज्या नावाने हाक मारतात, त्या नावाने हळूच हाक मारू द्या. मग गप्प बसा. हवा तेवढा वेळ द्या."

वाचून झालं. पलीकडून काहीच आवाज येईना. तीही गप्प बसली, फोन कानाला लावून, काकांना हवा तेवढा वेळ.