जिवापाड जपलेलं इथर

झोम्बा गावातल्या एका माध्यमिक शाळेत वायसन कापालामुला एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. सांभाळणं म्हणजे कुणालाही काही न देणं, असा त्यांचा स्वच्छ समज होता. प्रयोगासाठी इथर मागायला आलेल्या प्रत्येक शिक्षकाला तेच प्रवचन मिळे.

"त्याची वाफ हवेपेक्षा जड, मास्तर. जमिनीवरून सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या चुलीवरून आग घेऊन परत येते. फळ्यावर शिकवा की."

शिक्षक फळ्यावर शिकवत. अपघात एकही झाला नाही. सावध माणूस म्हणून कापालामुलांचं गावभर नाव झालं, आणि आयुष्यात कमावलेलं तेवढंच होतं.

निवृत्तीला चार दिवस उरले, तेव्हा एलेन चिरवा ही नवी रसायनशिक्षिका कपाटाचा ताबा घ्यायला आली. प्रत्येक बाटली उघडून किती उरलंय ते ती बघत होती. मागच्या तपकिरी बाटलीकडे तिचा हात गेला आणि कापालामुलांना झाकणाभोवती पांढरे खडे दिसले. उघडलेल्या इथरला हवा लागत राहिली की त्यात असे खडे धरतात. मग नुसतं झाकण पिळलं तरी स्फोट होतो. म्हणून बाटली उघडल्याची तारीख लिहावी आणि वर्षाच्या आत ती काढून टाकावी, असा नियम भिंतीवर त्यांनीच लिहिला होता. बाटलीवर तारीखही त्यांच्याच अक्षरात होती, चौदा वर्षांपूर्वी तपासायला म्हणून उघडली तेव्हाची. पुन्हा मिळेल न मिळेल, म्हणून त्यांना ती टाकवली नव्हती.

"मॅडम, हात लावू नका."

"आता तरी सोडा, बाम्बो," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं म्हणत ती हसली. "चार दिवसांनी सगळं माझ्याच गळ्यात पडणार आहे."

"हा माझा नेहमीचा चिक्कूपणा नाही. ती फुटेल. चूक माझी आहे. मुख्याध्यापकांना तसंच सांगा."

एलेनने हात मागे घेतला. खोली बंद झाली, लष्कराची माणसं आली. त्यांनी बाटली अलगद फुटबॉलच्या मैदानावर नेली, वाळूच्या पोत्यांत ठेवली आणि लांबून उडवली. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

कापालामुला मान खाली घालून निघाले, तेवढ्यात शेवटच्या वर्गातली एक मुलगी धावत आली.

"थँक्यू, बाम्बो. चार वर्षांत आम्ही पाहिलेला हा पहिलाच प्रयोग."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं.