पेटंटापायी म्हैस

भारतात ज्यांच्या नावावर एकही पेटंट नाही, अशा असंख्य लोकांपैकी मी एक आहे. फरक एवढाच, की बाकीच्यांनी त्यासाठी कष्ट घेतले नाहीत. मी घेतले!

नव्वदनंतर आमच्या कवठे महांकाळकडं जो तो बेदाणा करू लागला. वाळलेल्या बेदाण्याचे देठ हातानं चोळून काढताना घरच्या बायकांच्या बोटांची सालं निघायची. मी फौजेत गाड्या दुरुस्त केलेल्या, आता पेन्शनीत. हात गप्प बसेनात. मोडकी सायकल, कडबा-कुट्टीचं चाक आणि शालनची (म्हणजे बायकोची) शेंगा चाळायची चाळण जोडून मी गोठ्यात यंत्र उभं केलं. पायडल मारलं की बेदाणा एकीकडं, देठ दुसरीकडं! (चाळणीबद्दल मला अजून माफी मिळालेली नाही.)

कुणीतरी म्हणालं, पेटंट घ्या. गेलो पुण्याला वकिलाकडं.

"अर्जाची फी वेगळी, माझी वेगळी, नकाशे काढणाऱ्याची वेगळी," वकील म्हणाले. "आणि मिळाल्यावर पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक वर्षांनंतर दरवर्षी फी."

"जिवंत? खातंय काय त्ये?"

"आणि हो, अर्ज होईपर्यंत यंत्र कुणालाही दाखवायचं नाही!"

एवढा पैसा आणायचा कुठून? घरात विकण्यासारखी एकच गोष्ट होती, म्हैस. तिच्या दुधावर घर चालायचं.

"आवं, दूध देणारी इकून कागूद आणताय व्हय?" शालन कडाडली. पण माझ्या अंगात संशोधक संचारला होता. यंत्रावर गोधडी टाकली आणि मिरजेचा व्यापारी बोलावला.

आता, म्हैस विकायची म्हटल्यावर आमच्याकडं गल्ली गोळा होतेच. व्यापाऱ्यानं दात बघितले, कास बघितली आणि माझ्याकडं संशयानं बघितलं.

"एवढी झ्याक म्हस इकताय कशापायी? खोड काय हाय?"

"खोड न्हाई."

"लाथ मारती?"

"न्हाई!"

"मग रेडकू कुठं हाय?"

रेडकू नेमकं दावं तोडून उंडारायला गेलेलं! व्यापाऱ्याची नजर कोपऱ्यातल्या गोधडीवर गेली.

"आरं तिच्यायला! रेडकू मेलंय! पेंढा भरून ठिवलाय!"

(रेडकू मेलं तर म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवतात. अशा म्हशीला कोण भाव देणार?)

मी चोर असल्यासारखी गल्ली माझ्याकडं बघू लागली. सगळं सहन करीन, पण फसवणुकीचा आळ? खानदानाचा प्रश्न होता! मी गोधडी ओढली, पायडलवर बसलो आणि शेरभर बेदाणा सगळ्यांदेखत साफ करून दाखवला. वर यंत्राचा कुठला दात कुठं बसवलाय तेही समजावून सांगितलं!

व्यापारी बघतच राहिला. "म्हस ऱ्हाऊ द्या. ह्येचं काय घेताय?"

वकिलांना फोन केला. ते थंडपणे म्हणाले, "सगळ्यांना दाखवलंत? मग आता त्यात नवीन काय राहिलं?"

खरं सांगतो, वाईट वाटलं. मग राग आला, आणि तो मात्र गेला नाही.

"म्हंजे ज्याला म्हस इकल्याबिगर फी परवडत न्हाई, त्यानं डोस्कं चालवायचंच न्हाई व्हय? मग ऱ्हाऊ द्या तुमचं पेटंट!"

दुसऱ्या दिवशी यंत्र दारात आणून ठेवलं. म्हटलं, ज्याला पाहिजे त्यानं माप घ्या! लोक सुतळ्या घेऊन आले. पेटंट देताना यंत्राची माहिती जगजाहीर करायला सरकारनं फी घेतली असती, ते काम मी फुकट केलं, वर चहा पाजला. शालन दर कपाला ठसक्यात सांगायची, "घ्या, आमच्याच म्हशीच्या दुधाचा हाय!"

दोन हंगामांनी शिरवळकडचा एक विक्रेता टेम्पो घेऊन दारात आला. वर रंगवलेलं, चकचकीत यंत्र.

"काका, असली माल घ्या. बाजारात नकली लय झाल्यात." मग माझ्या यंत्राकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्येच बघा की! सरळसरळ आमचं चोरलंय!"

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात शालननं त्याच्या यंत्राला पायडल मारून बघितलं.

"आवं, ह्येचा आवाज कमी येतोय."

पण मी वाकणारा गडी नव्हे! "ह्येची खरी किंमत मला ठावं हाय!" असं त्याला ठणकावलं, तासभर घासाघीस केली, आणि माझाच शोध रोख पैसे मोजून, पावतीसकट विकत घेतला.