आईच्या अंगात आलेली कानबाई

आमच्या आईचा आवाज म्हणजे धुळ्यातल्या आमच्या गल्लीचा भोंगा होता. ती स्वयंपाकघरातून भाजीवाल्याशी घासाघीस सुरू करायची तेव्हा भाजीवाला अजून कोपऱ्यावरच असायचा. त्यामुळे १९७० साल उलटल्यावर तिचा आवाज बसायला लागला, तेव्हा घरात कुणाला फारसं दुःख झालं नाही. वडील तर पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचू लागले.

मग उजव्या हाताचं सुरू झालं. हात रिकामा मांडीवर ठेवला की अंगठा बोटांवर फिरत राहायचा, तंबाखू मळल्यासारखा. "चुना घेतलास का?" वडील विचारायचे. पोळी लाटताना हात कापायचा नाही, पण इतका सावकाश चालायचा की तव्यावरची तोवर करपून जायची. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी हात जरा थांबेल, आवाजाचं सांगता येत नाही, म्हणाले. गोळ्या मुंबईहून मागवायच्या होत्या. हाताचं सुरू झाल्यापासून वर्षभर आई चारचौघांत हात पदराखाली दडवून बसायची. एवढी तोंडाळ बाई अशी अंग चोरून बसलेली मला बघवत नसे.

शेजारच्या काकूंची सून तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण काकूंना लग्नात शिंदखेड्याच्या व्याह्यांनी विहिणीच्या पंगतीत पुरेसा आग्रह केला नव्हता. "त्या पाया पडाले येत नही तवलोंग पोर जावाव नही," असं त्यांनी भर ओट्यावर जाहीर केलं होतं. पोर आमच्याकडे येऊन रडायची. तिला रात्री भीती वाटायची, आई हवी होती. आवाज पुरता बसेपर्यंत आमची आई भिंतीपलीकडे ओरडत राहिली होती, "तुना मानपान चुलामा घाल! पोरले धाड!" काकूही कमी नव्हत्या. "तू तुना घरनं पाहा!"

श्रावणात काकूंच्या घरी आमची खानदेशची देवी, कानबाई बसली. मी आईला ओढतच नेलं. चौरंगावर देवी, समोर नैवेद्याचे रोट, बायकांची गाणी रंगात आलेली. गाण्याच्या नादात आईचा पदर सरकला आणि हात उघडा पडला. तो नेहमीसारखा कापत होता. एका बाईचं लक्ष गेलं आणि ती किंचाळली, "आंगमा उनी व माय! कानबाई उनी!"

मी तोंड उघडणार, तोवर आईच्या कपाळभर हळदकुंकू लागलं होतं आणि मांडीवर नारळ आला होता. आई भांबावली. बायका एकेक करून पाया पडल्या. काकूही वाकल्या. "माय, मना पोऱ्यानी बदली कवय व्हई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तो बेरकी भाव मी वर्षभरात पाहिला नव्हता. मग तिने काकूंच्या कानाशी तोंड नेलं. आवाज मुळात उरलाच नव्हता, त्यामुळे तो अगदी देवीचा वाटला. "सूनले माहेर धाडी दे."

काकूंनी कानाला हात लावले.

दुसऱ्याच दिवशी गोळ्या आल्या. मी पाणी घेऊन गेले, तर आईने तोंड फिरवलं. "आज नही. पयले पोर गाडीमा बसू दे." आणि वर्षभर हात लपवणारी ही बाई दोन्ही वेळा ओट्यावर येऊन बसू लागली, हात मांडीवर, काकूंना नीट दिसेल असा. काकूंनी जरा चालढकल केली की अंगठा जोरात फिरायचा. त्यातला आजार किती आणि आई किती, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

पोर शिंदखेड्याच्या एसटीत बसली. घरी येऊन आईने गोळी घेतली.

महिन्याभरात हात बराच शांत झाला. आवाज काही परतला नाही. दिवस भरल्यावर शिंदखेड्याहून मुलगी झाल्याचा निरोप आला, आणि काकू पेढे घेऊन आल्या. मला राहवेना. मी म्हणाले, "काकू, आईच्या अंगात काही आलं नव्हतं. तो आजार आहे."

काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुनी मायना हात वरीसभर कापी राहिना. मले काय डोया नहीत? पन देवीनं ऐकामा कसानी हार?"

आई ताडकन सरळ झाली. आपण गल्लीला फसवलं म्हणून इतके दिवस ती मनातल्या मनात हसत होती, ते सगळं उतरलं. तिने जीव एकवटून विचारलं, तरी निघाली ती कुजबूजच. "मंग मी आरडी आरडी सांगे, तवय तुले पटत नही व्हतं?"

काकूंनी पेढ्याचा तुकडा तिच्या हातात नीट धरवला.

"पयलाच दिन पटेल व्हतं. पन तू बोले ते सारी गल्ली ऐके, माय! मी कशी हा म्हनू?"

आईने पेढा तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिली.