व्हाइटवॉश कुणाचा?

'आपल्या पॅनलचा व्हाइटवॉश,' असं चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा मोताळ्याला तहसीलात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीची मतमोजणी जेमतेम आटोपली होती. मी मलकापूरला इंग्रजी शिकवते. निकालासाठी रजा काढून माहेरी आले होते. बाबांनी ओसरीवरूनच विचारलं, "व्हाइटवॉश म्हनजे नेमकं काय वं?"

"मालिकेतला एकही सामना न जिंकणं," मी म्हणाले.

सरपंचपद गेलं होतं आणि सगळे वॉर्डही गेले होते, तेव्हा शब्द अगदी चपखल होता. 'हरलो' हा शब्द काही बाबांच्या तोंडून निघत नव्हता. या शब्दाने मात्र त्यांना चांगलाच आधार दिला. येईल त्याला ते ऐकवू लागले, "व्हाइटवॉश झाला भाऊ आपला. क्रिकेटमधी मोठमोठ्या टीमचा होते." दुपारपर्यंत त्या शब्दाला असा काही भाव आला की आम्हाला कुठला तरी पुरस्कारच मिळाला असावा.

एक गोष्ट सांगायची राहिली. सरपंचपदाला बाबा उभेच नव्हते. जागा महिलांसाठी राखीव होती, उमेदवार आई होती. पण बॅनरवर हात जोडलेले बाबा भलेमोठे, आणि आई कोपऱ्यात, रेशनकार्डावर असावी तशी. समोरच्या पॅनलचं बॅनरही तसंच, फक्त मिशी वेगळी. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नाही. मला संताप येतो, पण माझ्या संतापाला तिथे मत नाही. माझं नाव मलकापूरच्या यादीत आहे.

जो तो येऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवत होता. "भाऊ, खचू नका." आणि जी हरली होती ती आतून चहा पाठवत होती. मी ट्रे घ्यायला गेले तेव्हा गाळणी धुता धुता तिने विचारलं, "इंग्रजीत व्हाइटवॉश कोनाचा झाला म्हनतात? जो खेळला त्याचा, का ज्याचं नाव होतं त्याचा?"

इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. मी ट्रे उचलून बाहेर आले.

संध्याकाळी मिरवणूक नेमकी आमच्या दारात थांबली. डीजे बंद झाला. निवडून आलेल्या बाईचा नवरा गळाभर हार सांभाळत पुढे आला आणि ओशाळून म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. गुलाल सरला. तुमच्याकडं पोतं हाये म्हनतात."

पोतं होतं. बाबांनी गुडघ्याला बाशिंग बांधून ते निकालाआधीच आणून ठेवलं होतं आणि ही बातमी साऱ्या गावाला होती. बाबा जागचे हलेनात. अख्खी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. असल्या क्षणी एखादा शब्द वाकडा गेला की पुढची निवडणूक येईपर्यंत दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

तेवढ्यात आई पोतं ओढत बाहेर आली. "धरा एका बाजूनं," ती त्या हारवाल्याला म्हणाली. त्याने मुकाट धरलं. तिने तोंड सोडलं, मूठभर गुलाल घेतला आणि त्याला वळसा घालून थेट मागे गेली. तिथे ट्रॅक्टरच्या आडोशाला, चार बायकांत पदर सावरत नवी सरपंच उभी होती. तिच्या गळ्यात एकही हार नव्हता.

आईने तिच्या कपाळाला गुलाल लावला. "खुर्चीवर तूच बसजो बाई. यायले नोको बसू देऊ," हारवाल्याकडे मान उडवत ती म्हणाली. मग हातावरचा गुलाल झटकत म्हणाली, "मले लय बसाचं होतं."

डीजे बंद होता, त्यामुळे ते ओसरीपर्यंत ऐकू आलं.

मिरवणूक पुढे गेली. आई आत जाऊन हात धुऊ लागली. जरा वेळाने शेजारचे काका आले, बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, खचू नका."

"मी कायले खचू?" बाबा म्हणाले. "हारली तुमची वहिनी हाये. आत जाऊन तिले भेटा."