अडतीस ठोक्यांचं कौतुक

रजनीबाईंचा राग सगळ्या यवतमाळला ठाऊक. कोर्टात नोकरीला होत्या तेव्हा एखाद्या वकिलाने अर्धवट कागद आणले, की त्या चष्म्यावरून अशा बघायच्या की वकील स्वतःच पुढची तारीख मागून मोकळा व्हायचा. या रागाला भीक न घालणारा एकच माणूस, त्यांचा नवरा.

नरहरराव कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर हार्ट अटॅक आला, नागपूरला नेऊन स्टेन्ट बसवला. जीव वाचवला डॉक्टरांनी आणि श्रेय मिळालं प्राणायामाला! बरे झाल्यावर ते रोज सकाळी देवळामागच्या योगवर्गाला जाऊ लागले, आणि बघता बघता तिथले गुरुजीच झाले. त्या वर्गाला एक खूळ होतं. कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र तिथे अजून हातोहात फिरायचं. ज्याची नाडी सगळ्यात मंद, त्याची साधना मोठी. नरहररावांची पन्नासवर आली तेव्हा टाळ्या पडल्या. अडतीस झाली तेव्हा त्यांना शाल-नारळ द्यायचं ठरलं.

"आमची त सत्तरच्या खाली येतच नाही," दारव्ह्याकडचे मारोतराव म्हणाले. "सर, तुम्ही त ऋषीच झाले!"

ऋषी म्हणे! रजनीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हा ऋषी जिन्याच्या मधल्या पायरीवर धापा टाकत बसत होता. जेवता जेवता त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"अहो, डॉक्टरांकडे जाऊन कार्डिओग्राम काढू या."

"तू काहून एवढी घाबरतेस? हृदय शांत झालंय माझं."

सत्काराच्या सकाळी त्या ऑटो घेऊनच देवळामागच्या मैदानावर गेल्या. सत्कार झाला की शालीसकट दवाखान्यात न्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण शाल खांद्यावर पडली आणि नरहररावांचे डोळे मिटले. बसल्या जागी ते एका अंगावर कलंडले.

"हात नोका लावू कोणी!" मारोतराव ओरडले. "समाधी लागली सरांले!"

आणि लोकांनी चक्क हात जोडले.

"समाधी बांधायची वेळ आणलीत तुम्ही!" रजनीबाई लोकांना ढकलत पुढे घुसल्या. "उचला त्यांना!"

दवाखान्यात डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हृदयाच्या वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाहीये. हार्ट ब्लॉक आहे. रक्तवाहिन्यांचा आजार आधीचाच, आता आतली वायरिंगही गेली. पेसमेकर बसवावा लागेल, लगेच. नाडी अशी कधीपासून आहे?"

"टाळ्या पडल्या तेव्हापासून," रजनीबाई म्हणाल्या.

पेसमेकर बसला. नरहरराव घरी आले, आणि योगवर्ग भेटीला आला. मारोतरावांनी सवयीने त्यांच्या बोटाला यंत्र लावलं.

"साठ," ते हळहळले. "अरेरे! एवढी साधना गेली सरांची."

"डॉक्टरांना विचारतो मी," नरहरराव ओशाळून म्हणाले. "पेसमेकर चाळीसवर ठेवता येईल कदाचित."

रजनीबाईंनी चहाचा ट्रे टेबलावर आपटला. कप लवंडले, चहा सतरंजीवर सांडला, त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"चाळीस? तुम्ही अडतीसवर मिरवत होतात ना, तेव्हा तुम्ही झोपलात की मी तुमच्या छातीवर हात ठेवून बसायचे. एक ठोका पडला की दुसरा पडेपर्यंत जीव जायचा माझा. रोज! आणि सकाळी तुम्ही उठून टाळ्या घ्यायला जायचात. माझं कसं चाललंय, हे विचारलंत एकदा तरी?"

त्यांनी नवऱ्याच्या बोटावरचं यंत्र ओढून काढलं, स्वतःच्या बोटाला लावलं आणि हात मारोतरावांच्या नाकासमोर धरला.

"वाचा आता."

मारोतरावांनी मान खाली घालूनच वाचलं, "एकशे अठरा."

या वेळी कोणी टाळी वाजवली नाही.