शहनाजबीला दिलेलं उत्तर

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. एकदा सुरुवात केली होती, पण मग मध्येच भाजीचा विषय काढला. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जमतंय की काय, कोण जाणे. सांगता सांगता उठून गेले तर परत येईन. हल्ली एका जागी बसवत नाही मला.

मी एका संस्थेत काम करते. गावातलं पाणी, धूर, कचरा यांनी माणसं आजारी पडतात का, हे गावकऱ्यांनाच बरोबर घेऊन शोधायचं, असं ते काम. पाण्याच्या बाटल्या बायकांनीच भरायच्या, प्रश्न त्यांनीच ठरवायचे, आणि तपासणीत जे निघेल ते आधी त्यांना सांगायचं. हे शेवटचं मी आजही नव्या मुलींना शिकवते. चांगलं शिकवते, असं म्हणतात. माझी जीभ कशी झडत नाही?

कन्नडच्या पुढचं एक गाव. पडेगावहून एसटीनं कन्नड, तिथून जीप. तिथल्या आमच्या गटात शहनाजबी सगळ्यांत उत्साही. बायका गोळा करायची, बाटली भरण्याआधी त्याच पाण्यानं विसळायला लावायची, कुणी चुकलं की ओरडायची — मलासुद्धा. तिला नातू झाला होता. सुनेला, रेश्माला, दूध पुरत नव्हतं, म्हणून म्हशीच्या दुधात पाणी घालून वाटी-चमच्यानं पाजायचे.

मग पहिला अहवाल आला. तिच्या आळीच्या विहिरीत नायट्रेट फार. उसाला ओतलेली खतं, काठावरचे उकिरडे — सगळं झिरपून खाली. मोठ्यांना चटकन काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र त्यानं प्राणवायू पुरेसा वाहता येत नाही. आणि ते उकळून जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तिथंच राहतं. हे मला ठाऊक होतं — पक्कं ठाऊक होतं. आमच्या संस्थेचे सर म्हणाले होते, गावाची सभा दुसऱ्या तपासणीनंतर घेऊ, पण तान्ही बाळं असलेल्या घरी आधी कळवून ये. त्यासाठीच तर मी गेले होते.

गेल्या गेल्या शहनाजबीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हणाले, आज निर्जळी उपवास आहे. जन्मात एकादशी न धरलेली मी! एका पेल्यानं मला काय होणार होतं? पण नाही प्यायले. तिनं कौतुकानं तांब्या मागे घेतला.

पाटलांच्या बोअरचं पाणी चांगलं निघालं होतं. पण बांधावरून त्यांचं आणि शहनाजबीच्या घरचं बोलणं बंद. म्हणजे खरं सांगितलं की पाटलांकडे मलाच जावं लागणार, बसावं लागणार, त्यांची समजूत घालावी लागणार — दुपार गेलीच. आणि मला जीप गाठायची होती. कशासाठी? शहरात गुलमंडीच्या बाजारात साडी फॉल-पिकोला टाकली होती, दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. एवढंच. यामागे काहीतरी मोठं असेल म्हणून मी स्वतःला पुष्कळ खणून पाहिलं — नाही सापडलं.

मी म्हणाले, अहवाल यायचाय अजून. तिनं विचारलं, "मंग ताई, लेकराला उकळून दिलं तर चालंल ना?"

"चालेल की. उकळूनच द्या."

साडी मिळाली मला त्या दिवशी. पुढच्या आठवड्यात जाऊन खरं सांगू, असं ठरवलं होतं — पण दुसऱ्या गावाचं काम निघालं आणि राहून गेलं. राहून कसलं? मी राहू दिलं. बाळाचे ओठ निळे पडले, धाप लागली. शहराकडे आणताना वाटेतच गेलं. पाण्यानंच गेलं का? खात्रीनं कुणी सांगितलं नाही. त्या 'खात्रीनं'ला धरून मी इतके दिवस काढले.

आता सांगते ते त्याहून वाईट. सभेत सरांनी अहवाल वाचला, उकळून उपयोग नाही हेही सांगितलं, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, बाळं असलेल्या घरी कळवलं होतंस ना? शहनाजबी समोरच बसली होती. मी म्हणाले, हो, घरी जाऊन सांगितलं होतं.

मला वाटलं, आता ही उठेल आणि चारचौघांत माझी सालटी काढेल. ओरडता येत नव्हतं का तिला? ती मान खाली घालून म्हणाली, "सांगितलं असंल ताईनं. माझंच ध्यान नसंल."

रेश्मा माहेरी निघून गेली. सांगूनसुद्धा सासूनं ऐकलं नाही, माझं लेकरू घालवलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. गावही तेच म्हणतं. शहनाजबी आता गटात येत नाही. मध्यंतरी कन्नडच्या बाजारात दिसली, तर मलाच म्हणाली, "ताई, तुमी एवढ्या लांबून आलत्या सांगाया, अन् मी…" आणि रडायला लागली. तिथं सांगता आलं असतं. लोक बघत होते. मी तिची पाठ थोपटत राहिले — होतं असं, म्हणाले.

ध्यान होतं तिचं. मी सांगितलं तसंच तिनं केलं. बाळाला रोज उकळूनच पाणी दिलं.