पाय घसरला नव्हता

पेट्रोलच्या, म्हणजे गस्तीच्या, आदल्या दिवशी दुपारी चार वाजता नाईक किसन धिंदळे स्टोअरच्या दगडी पायऱ्या उतरत होता. उलटा. तोंड पायऱ्यांकडे, एक हात कठड्यावर, आधी उजवा पाय खाली. मी हवालदार, त्याचा सेक्शन कमांडर. पोस्ट उत्तर सीमेवर, चौदा हजार फुटांवर. मी जामखेडचा, तो भंडारदऱ्याच्या डोंगरातला. एका जिल्ह्याचे म्हणून पलटणीत आम्ही भावासारखे राहायचो.

"गुडघा?" मी विचारलं.

"सकाळी आखडतो, दादा. अर्ध्या तासात मोकळा व्हतो. चढताना येवढं न्हाई, उतरताना मातूर लई दुखतं. कटाकट वाजतो."

काही वर्षांपूर्वी कबड्डी खेळताना त्याच गुडघ्यातली गादी फाटली होती. महिनाभर आराम, आणि पुन्हा पाठीवर ओझं घेऊन डोंगर. आता त्याचं वय अडतीस होतं.

"डॉक्टर साहेबांना दाखव."

"दाखवलं की एक्स-रे. मग लो मेडिकल कॅटेगरी. हवालदार व्हायचं राहून जाईल. तुमी नगा सांगू."

मी सांगितलं नाही. माझ्या पाठदुखीसाठी मिळालेल्या गोळ्यांची पट्टी त्याला दिली. मैत्रीखातर केलं असं मी पुढे बरीच वर्षं म्हणत आलो. ते अर्धंच खरं आहे. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, त्याच्यासारखा माणूस माझ्याकडे दुसरा नव्हता, आणि मला तो पेट्रोलवर हवा होता.

संध्याकाळी सहा वाजता ब्रीफिंग. मेजर साहेबांनी विचारलं, "सेक्शन फिट?"

"फिट, साहब."

दुसऱ्या दिवशी सकाळी ०६०० वाजता दहा जण निघालो. १०४० ला डोंगराच्या धारेवर पोहोचलो, पाणी प्यायलो. किसनने दोन गोळ्या घेतल्या. मी बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. गोळीने दुखणं कळेनासं होतं, पण पायात ताकद येत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं.

११२० ला उतार लागला. किसन माझ्या तीन पावलं पुढे होता. जमीन कोरडी होती, बर्फ नव्हता. त्याने उजवा पाय टेकवला आणि गुडघा त्याच्याखाली मुडपला. एलएमजीच्या वजनाने तो बाहेरच्या बाजूला गेला. ओरडला नाही. साठेक फूट खाली नाल्यात पडला.

"कंट्रोल, पेट्रोल. एक कॅज्युअल्टी. डोक्याला मार. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"पेट्रोल, कंट्रोल. खाली ढग आहेत. वेट. ओव्हर."

दर दहा मिनिटांनी मी तेच विचारलं, तेच उत्तर आलं. १३०५ ला मी सेटवर सांगितलं, आता घाई करू नका.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, उतारावर पाय घसरून मृत्यू. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी माझा डावा गुडघा दुखायला लागला. नगरला एका डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दोन हाडांमधली फट एका बाजूला जवळजवळ मिटली होती.

"ऑस्टिओआर्थरायटिस. कूर्चा झिजलीय. ती परत येणार नाही. पण मांडीचे स्नायू बळकट करा, वजन उतरवा, काठी उजव्या हातात धरा. दुखणं कमी होईल, गुडघा दगा द्यायचा थांबेल. अगदीच असह्य झालं तर ऑपरेशन. नुसत्या गोळ्यांच्या जोरावर ओझी उचलू नका."

"अडतिसाव्या वर्षी होतो का हा?"

"जुनी दुखापत असेल तर होतो."

"आणि वेळेवर दाखवलं असतं तर?"

"ओझं आणि उतार बंद केले असते," त्या म्हणाल्या. "का हो?"

मी एक्स-रे पाकिटात घातला.

रोज सकाळ-संध्याकाळ खाटेवर पडून पाय सरळ उचलतो, वीस वेळा. पाच किलो वजन उतरवलं. जिना चढउतार करता येतो. इतक्या साध्या गोष्टींनी फरक पडतो, याचाच राग येतो.

या मार्चमध्ये किसनच्या घरी गेलो. त्याची बायको हिराबाई अंगणात नागली पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं. गुडघा, गोळ्या, ब्रीफिंगचं उत्तर. सूप बाजूला ठेवून ती ऐकत राहिली.

"गुडघ्याचं मला ठाव हुतं," ती म्हणाली. "शेवटच्या रजेला आले तवा शेतातून हात धरून उतरवलं मी त्यांना. म्हनलं, साहेबाला सांगा, हलकं काम मागा. तर म्हनले, आमचे हवालदार आपल्याच जिल्ह्याचे हायेत, ते सांभाळून घेत्यात."

मी सांभाळूनच घेतलं होतं.